शेवाळातली वाट

१

सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी मी पाण्याकडे एक फेरी मारायची. घरामागच्या पोहण्याच्या तलावाला आम्ही नुसतं ‘पाणी’ म्हणायचो. स्विमिंग पूल हा शब्द आमची लेक करुणा वापरते, तोही पुण्यातल्या मैत्रिणींसमोर. जाळीनं पानं काढायची, काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकून क्लोरीन बघायचं, भिंतींवरून ब्रश फिरवायचा. जन्मभर ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, तेव्हा शेवाळासारख्या फुकट्या पाहुण्याला घरात शिरू द्यायचं नाही एवढी अक्कल मला होती.

तलावाची हौस मात्र माझ्या मिस्टरांची, राजकुमारांची. हे पाचोडजवळच्या एका खेड्यात वाढले. तिथं पाणवठ्यावर आमच्या लोकांच्या पायऱ्या निराळ्या होत्या. पुढे सगळं बदललं, गावात विहार झाला, पोरं शिकली, पण पाण्यात हात घालण्याआधी मान वर करून इकडेतिकडे बघायची माझ्या सासऱ्यांची सवय मरेपर्यंत गेली नाही. हे निवृत्त झाले आणि मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडे आम्ही घर बांधलं, तेव्हा म्हणाले, "मास्तरीण, मागं एक तलाव काढू. ल्हानसाच. कुणाला इचारायचं नाय, सरळ पाण्यात उतरायचं."

शेजारीपाजारी हसले. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसलेल्या शहरात घरी तलाव, म्हणजे हसण्यासारखंच होतं. त्या वर्षी बोअरला पाणी बरं होतं, तेव्हा तो एकदाच भरला. नंतर उन्हानं उडालं तेवढंच वरून घालायचो, काढून टाकायचं नावच नाही. पाणी फेकणाऱ्याचे हात मोडले पाहिजेत, असं हे म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. व्यायाम शिकवायला येणारी विशाखा म्हणाली, पाण्यात चालवा काकू, पाण्यात वजन जाणवत नाही. मग रोज सकाळी उथळ बाजूला, पायऱ्यांपासून भिंतीच्या कडेनं गेलेला स्टीलचा दांडा डाव्या हातानं धरून हे चालायचे. डावा पाय टाकायचे, उजवा मागून ओढत आणायचे. ‘मास्तरीण’ म्हणता यायचं नाही, ‘माहतीण’ व्हायचं. मी वर्गातल्यासारखं पुन्हा म्हणायला लावायची आणि हे अर्ध्या तोंडानं हसायचे. यांनी एकदा काठीशिवाय फाटकापर्यंत चालत जावं, एवढंच त्या वर्षी माझं मागणं होतं.

२

त्या सकाळी हे पाण्यात असतानाच नळ आला.

आमच्याकडे नळ आला की बायका तव्यावरची भाकरी तव्यावर टाकून पळतात. शेजारच्या भामाबाईंनी कुंपणावरून हाक दिली, "ओ मॅडम, नळ आलाय. धार लई बारीक हाय, बिगीनं लावा." मी यांच्याकडे बघितलं. दांडा घट्ट धरलेला होता, पाणी छातीपर्यंत होतं. यांनी हनुवटीनंच ‘जा’ अशी खूण केली. मी गेले. टाकीला पाइप लावला, ड्रम भरले, हंडे भरले, कळश्या भरल्या, शेवटी पातेलीसुद्धा. पाणी येत असताना रिकामं भांडं बघवत नाही, हा इथला रोगच आहे.

परत आले तर ते पाण्याबाहेर, कडेला बसलेले होते. खांद्यावर टॉवेल होता. एरवी त्या पायऱ्या चढायच्या म्हणजे माझा खांदा आणि दोघांचा सगळा दम लागायचा.

"अहो, वर कसे आलात?"

"आलो," ते म्हणाले. अगदी स्पष्ट.

कडेच्या शहाबादी फरशीवर ओली पावलं उमटली होती, पायरीपासून ते बसले होते तिथपर्यंत. दोन्ही पावलं पूर्ण होती, टाचेपासून बोटांपर्यंत. मला रडूच आलं. त्यांचं डोकं ओलं होतं. ते टॉवेलनं पुसत मी किती तरी वेळ काहीबाही बोलत राहिले. छातीभर पाण्यात डोकं कसं भिजलं, हे मला विचारावंसं वाटलं नाही, आणि पाण्याकडे मी बघितलंही नाही.

३

त्यानंतर ते सुधारतच गेले. काठी दाराआड गेली. फाटकापर्यंत गेले, मग स्टेशनापर्यंत जाऊन गाडी बघून आले. विशाखा म्हणाली, मेंदूचं काही सांगता येत नाही काकू, कधीकधी एकदम जमून जातं. भामाबाईंनी पेढे मागितले, मी सगळ्या गल्लीला वाटले.

पाण्यात मात्र ते पुन्हा उतरले नाहीत. "हिरवं झालंय," म्हणाले. मी जाऊन बघितलं तर पाणी लख्ख होतं. पण आठवडा उलटायच्या आत ते खरोखर हिरवं झालं.

मी ब्लीचिंग पावडर वाढवली. फिल्टर धुतला. मोरचूद टाकलं, शेतकरी फवारणीत घालतात तेच निळे खडे, पण मापून. पाणी थोडं उजळायचं आणि पुन्हा तळाशी पोपटी साय धरायची. घासलं की ती चुलीतल्या धुरासारखी उठायची, पाण्यात फिरायची आणि परत खाली बसायची. शेवटी मी पूलची कामं करणाऱ्या सोमनाथला बोलावलं. त्यानं वाकून बघितलं, आधी फोटो काढला आणि मग बोलला.

"मॅडम, लई जिद्दी हाय हे. प्लास्टरमधी मुळं धरतंय. सगळं पानी काढा, ॲसिड मारा, नवीन पानी भरा. किस्सा खतम."

"आणि नवीन भरू कशानं? तुझ्या त्या फोटोनं?"

तो हसला. मागच्या दारातून आवाज आला, "तो सांगतोय तर काढून टाक पाणी."

मी वळले. ते उंबऱ्याच्या आत उभे होते. पाणी फेकणाऱ्याचे हात मोडायला निघालेला माणूस हे बोलत होता. मला त्याचं हसू आलं, आणि सोमनाथसमोर मी ते हसून घेतलं.

४

औषध खाली बसावं म्हणून मी फिल्टरचा पंप बंद ठेवला. दुसऱ्या सकाळी पाणी निवळून तळ दिसायला लागला होता. हिरवी साय सगळीकडे सारखी पसरली होती, आणि तिच्यातून एक वाट गेली होती.

डाव्या बाजूला पावलाएवढे पांढरे डाग, एकापुढे एक. उजव्या बाजूला सलग पांढरा पट्टा, फडकं ओढत नेल्यासारखा.

माझी आई मंजुळाबाई पाणवठ्याच्या पायऱ्या बघून सांगायची, आज वरच्या आळीचे येऊन गेले की नाही, आणि धुणं कोणत्या पायरीवर झालं. जिथं पाय पडतात तिथं शेवाळ धरत नाही, तिचं शास्त्र एवढंच होतं. मीही त्या वाटेला तेच लावलं. हे रोज इथंच चालायचे. यांच्या पायांनी प्लास्टर गुळगुळीत झालं असेल, आणि गुळगुळीत जागी शेवाळ उशिरा धरतं. वर्गात सांगितलं असतं तर पोरांनी मुकाट्यानं उतरून घेतलं असतं.

मग मी नजरेनं वाट धरून पुढे गेले. उथळ बाजूवरून ती उतारावर गेली होती आणि उतारावरून खोल बाजूला. तिथं डोक्यावरून पाणी आहे. हे तिथं कधीच गेले नव्हते. खालच्या कोपऱ्यात वाट वळून वळून गोल झाली होती. बाजारात चुकलेलं माणूस त्याच त्या दुकानांवरून फिरतं, तशी.

लांब दांड्याचा ब्रश घेऊन मी सगळा तळ घासून काढला, खांदे भरून येईपर्यंत. साय परत बसली तेव्हा वाटही परत आली होती. या वेळी ती पायऱ्यांच्या रोखानं निघालेली होती.

५

संध्याकाळी करुणाचा व्हिडिओ कॉल आला. "मम्मी, पप्पांना चालायला सांग ना, मला बघायचंय." त्यांनी हॉलभर चालून दाखवलं. दोन्ही पाय उचलून, तालात. करुणा तिकडे रडत होती. मी फोन धरून त्यांच्या पायांकडे बघत होते, आणि झटक्याच्या आधी हे असेच चालायचे का, ते मला आठवेना. बहुतेक जरा फेंगडे चालायचे. इतकी वर्षं संसार करून नवऱ्याची चाल सांगता येऊ नये, याची मला लाज वाटली.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "अहो, मला एकदा मास्तरीण म्हणा बरं. आता येत असेल."

"काय पोरखेळ आहे, रत्नमाला."

"म्हणा तर खरं."

"मास्तरीण," ते म्हणाले. प्रत्येक अक्षर जागच्या जागी होतं. मला ते अजिबात आवडलं नाही.

जेवताना त्यांनी सांगून टाकलं की तलाव बुजवायचा. माणूस ठरवलाय. पाणी उपसून बिडकीनकडच्या एका बांधकामाला द्यायचं, वर मुरूम टाकायचा, गाडी लावायला जागा होईल.

"तोवर ते शेवाळ रोज घासून टाक," ते म्हणाले. "डोळ्यांसमोर नको."

"तुमच्या डोळ्यांसमोर कुठंय? तुम्ही तर मागच्या अंगणात पाऊलही टाकत नाही."

ते उजव्या हातानं भाकरी मोडत राहिले.

मी स्वतःलाही सोडलं नाही. आजारी नवऱ्याला धरून चालवायची सवय झालेल्या बाईला बरा झालेला नवरा परका वाटत असेल, असंही असतं. आपल्यावाचून त्याचं अडत नाही, याचा राग येत असेल. हे सगळं मला पटत होतं. पटत असूनही मी पाण्यात क्लोरीन टाकणं बंद केलं आणि शेवाळ वाढू दिलं.

६

दुपारची वेळ होती. ते आत पडले होते. मागच्या दारातून त्यांचे तळपाय दिसत होते, दोन्ही सरळ. जालन्याकडची गाडी स्टेशनात थांबून गेली. वारा अगदी पडलेला होता. मी पाण्याच्या कडेला, पायऱ्यांच्या वर बसले होते. वाट आता सगळ्यात खालच्या पायरीपाशी आली होती.

माझ्या डोळ्यांदेखत त्या पायरीवरचं शेवाळ पुसलं गेलं. आधी डावं पाऊल. हिरवी भुकटी उठली आणि बाजूला सरली. मग बराच वेळ काहीच नाही, कुणी दम घ्यावा इतका वेळ. मग मागून उजवीकडचा पांढरा पट्टा हळूहळू पुढे आला, पायरीच्या काठाला अडला आणि तिथंच आत-बाहेर व्हायला लागला. हे असेच अडायचे. उजव्या पायाचा अंगठा काठाला लागायचा, आणि मी वाकून पाय उचलून वर ठेवायची.

पाण्यात कुणी नव्हतं. मी नीट बघून सांगते आहे. पाणी निवळ होतं, ऊन तळापर्यंत पोचत होतं. दांड्याच्या पाण्याखालच्या भागावर मात्र शेवाळ धरलं होतं, आणि त्यात चार बोटं नि अंगठा पुसल्यासारखा दिसत होता. डाव्या हाताचा.

मी पालथी पडून, दंड बुडेपर्यंत हात पाण्यात घातला. तो पाय असायला हवा होता तिथं. वरचं पाणी उन्हानं तापलं होतं, खाली गार लागत होतं, आणि त्या गारव्यात एक जागा अंगाच्या उबेएवढी कोमट होती. सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "हं, उचला. उचला पाय."

"रत्नमाला, काय करतेस तिथं?"

ते उंबऱ्याच्या आत उभे होते. मी हात बाहेर काढला. पायरीवरची भुकटी हळूहळू खाली बसत होती.

७

दुसऱ्याच सकाळी पंप घेऊन टँकर आला. मी करुणाला फोन केला. काय सांगणार होते, कुणास ठाऊक. तलाव बुजवू नका म्हणून पप्पांना सांग, एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "मम्मी, तू थकलीयेस. पप्पा बरे झालेत, आता तू स्वतःला दाखव कुणाला तरी."

मग मी आमच्याकडची कुठलीही बाई करते तेच केलं. पाणी भरून ठेवलं. पंप सुरू व्हायच्या आत पायऱ्यांजवळचं पाणी बादलीनं काढून ड्रम भरले, हंडे भरले, पातेली भरली. टँकरवाल्यानं विचारलं, "हिरवं पानी कशाला घेता, मॅडम?" मी म्हटलं, झाडांना. भामाबाईंनी तर दोन बादल्या वाहून दिल्या. पाणी साठवणाऱ्या बाईला इथं कुणी कारण विचारत नाही.

दुपारपर्यंत तळ उघडा पडला. पंपानं शेवटचं पाणी ओढलं तेव्हा घशात घास अडकल्यासारखा आवाज आला, आणि मी कानांवर हात ठेवले. मग मुरूम पडला. संध्याकाळी ते पहिल्यांदा उंबरा ओलांडून मागे आले आणि मुरमावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून गेले.

ते तिकडे असताना मी एकेका ड्रमात हात घालून बघितला. न्हाणीघराजवळच्या निळ्या ड्रमात पाण्याच्या मध्यावर कोमट लागलं. मी झाकण लावलं आणि त्यावर धुण्याचे कपडे टाकले.

पुढे एके दिवशी सकाळी वीज गेली आणि गिझर बंद पडला. ते अंघोळीसाठी खोळंबले होते. मी निळ्या ड्रमातलं पाणी स्वच्छ धोतराच्या फडक्यातून गाळलं, मोठ्या पातेल्यात तापवलं आणि बादलीत ओतलं. मी काय करते आहे ते मला पुरतं ठाऊक होतं. झालं तर काय होईल, एवढं ठाऊक नव्हतं. बादली आत ठेवली आणि दाराबाहेर उभी राहिले.

अंगावर तांब्या ओतल्याचा आवाज आला, मग दुसरा. मग तांब्या फरशीवर पडून घरंगळत गेला. त्यानंतर पाणी वाहून जाण्याचाही आवाज येईना. बऱ्याच वेळानं आत एक पाऊल पडलं, आणि त्यामागून काहीतरी ओलं ओढत आलं.

दार उघडलं. हे डाव्या हातानं चौकट धरून उभे होते. तोंडाची उजवी बाजू उतरलेली होती.

"माहतीण," हे म्हणाले.

८

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका. करुणा आली, खूप रडली, एवढं बरं होऊन असं कसं झालं म्हणत राहिली. त्या पाण्याचं मी कुणाला सांगितलं नाही. यांच्या उजव्या तळव्याला तेल चोळताना मी इतकी सुखात होते की पोरीकडे मान वर करून बघवत नव्हतं. पुन्हा म्हणा, म्हटलं की हे अर्ध्या तोंडानं हसायचे. तेच हसू होतं. काठी दाराआडून परत बाहेर आली.

करुणा गेली. मी न्हाणीघर यांच्या अंघोळीपुरतं वापरत होते, घासायला सवड होत नव्हती. पाणी जायच्या भोकापासून फरशीवर हिरवी साय धरायला लागली. मी ब्लीचिंग पावडरचा डबा काढला, ब्रश घेतला आणि गुडघ्यांवर बसले.

भोकापासून दारापर्यंत वाट होती. दोन्ही पावलं पूर्ण, टाचेपासून बोटांपर्यंत. कुठं ओढलेलं नाही, कुठं अडखळलेलं नाही. फाटकापर्यंत काठीशिवाय चालत जाणाऱ्या माणसाची चाल. वाट उंबऱ्यापाशी येऊन थांबली होती.

तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं की हे खरोखरच बरे झाले असतील तर. त्या सकाळी पाण्यातून वर आले ते माझेच राजकुमार असतील, जसं मी मागितलं होतं तसेच चालत. आणि पाण्यात जे मागे राहिलं होतं, ज्याला मी हात दिला, गाळून, तापवून त्यांच्या अंगावर घातलं, ते दुसरंच काही असेल. पण डोकं ओलं होतं. पण पाणी फेकून दे म्हणाले होते. मी दोन्ही बाजू मांडत राहिले, आणि कोणतीच जड होईना.

पलंगावरून न्हाणीघराचं दार दिसतं. हे उशीला टेकून माझ्याकडे बघत होते. यांनी डावा हात उचलून फरशीकडे बोट केलं.

"घासून टाक," हे म्हणाले. सावकाश, पण प्रत्येक अक्षर जागच्या जागी.

ब्रश हातात घेऊन मी अजून तशीच बसले आहे. हे बघत आहेत. वाट पुढे सरकलेली नाही. फक्त उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, माझ्या गुडघ्याजवळ, फरशीची एक जागा अंगाएवढी कोमट लागते आहे.